एकाच पेल्याची मंडळी

शनिवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात मनुकांचं पातेलं चुलीवर चढलेलं असायचं आणि त्याच्या आसपास नुसतं फिरकलं तरी आई हातावर चापट मारायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असे. त्या दिवशी भाकर मोडून वाटायची आणि द्राक्षारसाचा पेला सगळ्यांमधून फिरवायचा. तो रस आई घरीच करायची. बाटलीतला रस मिळायचा तो दारूच्या दुकानात, आणि पाळकाच्या बायकोनं त्या दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला असता तर नांदुऱ्यापर्यंत बोभाटा झाला असता. म्हणून मग काळ्या मनुका भिजवायच्या, मंद आचेवर उकळायच्या आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून पिळायच्या. आईचे हात मनगटापर्यंत जांभळे व्हायचे ते सोमवारपर्यंत तसेच राहायचे. उरलेला चोथा आम्हा भावंडांचा. त्यात गूळ कालवून आई तो ज्वारीच्या भाकरीवर थापून द्यायची. पुढे मी चांगल्या चांगल्या हॉटेलांत केक खाल्ले, मुलानं परदेशातून आणलेली चॉकलेटं खाल्ली, पण त्या चोथ्याची सर कशाला आली नाही. आज घरात मनुका असतात, गूळ असतो, भाकरीही मी अजून बरी थापते. तरी ते काही जमत नाही.

आमचं घर म्हणजे चर्चच्या मागच्या भिंतीला चिकटलेल्या दोन खोल्या. बाबा त्या चर्चचे पाळक होते. गाव लहान, वडनेरच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. चर्च म्हणजे तरी काय, टिनाचं छप्पर, चुन्याच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन आणि तिच्यावर सतरंज्या. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मधे चालायला वाट. शेजारी पिठाची गिरणी होती. लाइट आली की गिरणी सुरू व्हायची आणि बाबा उपदेशाचा आवाज चढवायचे. लाइट गेली की गिरणी एकदम गप्प, आणि बाबा मात्र त्याच वरच्या पट्टीत "पश्चात्ताप करा!" असं ओरडताना सापडायचे. पोरं फिदीफिदी हसायची, आई मागे वळून डोळे वटारायची. बाबा स्वतः हसायचे नाहीत. स्वभावानं ते इतके मऊ होते की पश्चात्ताप करा म्हणतानासुद्धा समोरच्याला वाईट वाटेल की काय, अशी त्यांना धाकधूक असायची.

पण सांगायचं आहे ते त्या पेल्याचं. पितळेचा, बुडाशी जाड, मधे थोडा चेपलेला, नाताळाच्या आधी दरवर्षी कल्हई होणारा. पेला एकच. बाबा तो पहिल्या माणसाच्या हाती देत, आणि मग तो हातोहात फिरे. ज्यानं घोट घेतला त्यानंच तो शेजारच्याला द्यायचा. काठ पुसायचा नाही, असा नियमच होता. कोणी पदराचं टोक काठाला लावलं तर म्हाताऱ्या बाया तिथल्या तिथे फटकारत. कारण आमची मंडळी, म्हणजे चर्चची सगळी माणसं, दोन वस्त्यांतून आलेली. आमच्या पणजोबांच्या वेळी खालच्या वस्तीच्या हातचं पाणी वरची वस्ती पीत नसे आणि दोन्ही वस्त्यांच्या हातचं बाकीचं गाव पीत नसे. त्या दोन वस्त्यांतली माणसं पहिल्यांदा एका सतरंजीवर बसली आणि एकमेकांचं उष्टं प्यायली, ती या पेल्यातून. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की माझे कान किटले होते. नातवाला तीच तीच गोष्ट सांगताना आता माझ्या लक्षात येतं, की कान किटले म्हणजे गोष्ट कळली असं नव्हे.

मी वीस वर्षांची होते. घरात एस्तेरची एस्तू झालेली. नर्सिंगचं पहिलं वर्ष संपवून तीन-चार महिन्यांच्या लांब सुट्टीत घरी आले होते, आणि काय सांगू, काय तो माझा तोरा! एक वर्ष दवाखान्यात काय काढलं, मला गावभर जंतूच दिसायला लागले. आई भाजी चिरायला बसली की आधी तिचे हात धुवायला लावायचे. माठात वाटी बुडवली की ओरडायचे. आई म्हणायची, "आतापावतर काय सारे मेलेच व्हते का वं?" त्यावर मी पाच मिनिटं भाषण द्यायचे. बाबा कौतुकानं ऐकायचे. त्यांची पोरगी शिकली होती.

त्याच सुट्टीत दाऊदभाऊचा खोकला वाढला. दाऊदभाऊ खालच्या वस्तीतला, तिशीतला माणूस, चर्चमध्ये ढोलकी वाजवायचा. तालुक्याच्या दवाखान्यात त्याला टीबी सांगितला आणि गोळ्या-इंजेक्शनं सुरू झाली. ही बातमी मंडळीत पसरायला एक दिवस पुरला. पुढच्या प्रभुभोजनाला मी स्वतः पाहिलं, नव्या सुना पेला ओठांना लावल्यासारखं करून पुढे देत होत्या. दोन-तीन तरुण पोरं पेला यायच्या आधी उठून बाहेर गेली ती आलीच नाहीत. दाऊदभाऊनं ते पाहिलं. तो सगळ्यांत शेवटी बसला होता, सगळ्यांनंतर प्यायला, आणि उरलेलं सगळं पिऊन टाकलं, म्हणजे मागे कोणाला त्रास नको. त्याच्या पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या रविवारी अर्ध्या सतरंज्या रिकाम्या. बाबा उपासना आटोपून घरात आले आणि झगा न काढता तसेच बाजेवर बसून राहिले.

पंचांची सभा आमच्याच ओसरीवर झाली. मुख्य पंच याकोबकाका, कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेले, आमच्याच वरच्या वस्तीतले, बोलायला खणखणीत. ते म्हणाले, "पाळकसाहेब, जमाना बदलून राह्यला. मोठ्या गावाईत सारीकडे लहान लहान ग्लास आले. आपुनच कायले जुन्याले चिकटून बसाव?" बाबा म्हणाले, "म्हातारी माणसं दुखावतील." काका म्हणाले, "त्याईले समजवाव लागते." मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी चहा घेऊन आले होते ना! बाबा जरा अवघडून म्हणाले, "एस्तू, तू घरोघरी जाशील? माझं ऐकायचे नाहीत. तू दवाखान्यातली आहेस, तुझं ऐकतील." मला काय, आभाळ ठेंगणं झालं. काका खामगावला जाऊन काचेचे छोटे छोटे ग्लास आणि ते ठेवायला एक मोठं ताट घेऊन आले.

मी घरोघर गेले. रोज दोन-तीन घरं घ्यायची, चहा प्यायचा, भुईमुगाच्या शेंगा खायच्या आणि लोकांना घाबरवायचं. होय, घाबरवायचंच, आज त्याला दुसरा शब्द मी वापरणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मी काय काय पाहिलं, थुंकीच्या एका थेंबात किती जंतू असतात, ते पेल्याच्या काठावर कसे बसून राहतात, हे मी असं रंगवून सांगायचे की बाया तोंडाला पदर लावायच्या. कोणी फारसा विरोध केला नाही. मला तेव्हा वाटलं, आपल्या बोलण्यात काय ताकद आहे! लोक किती पटकन बदल स्वीकारतात, नुसतं नीट समजावून सांगायला हवं. दाऊदभाऊकडेही मी गेले. त्याला म्हटलं, "भाऊ, तुमच्यापासून दुसऱ्यांना होऊ नये म्हणून तुम्हीच आधी हो म्हणा." तो खाली मान घालून म्हणाला, "हाव बाई. मी तं प्यायलाच नाई पाह्यजे व्हतं."

राहिली एकटी सारजाआजी. सारजाआजी खालच्या वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई, विधवा, मूलबाळ नाही, चर्च झाडायची आणि प्रभुभोजनाची भाकरी तीच भाजायची. तिच्या घरी मी मुद्दाम शेवटी गेले. दुपारची वेळ होती, ती अंगणात बसून आंबाडीचा पाला खुडत होती. मी माझं सगळं भाषण म्हटलं, जंतूंसकट. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं का?"

"झालं, आजी."

"मले येगळा ग्लास नको."

"काऊन पण?" मीही वऱ्हाडीवर आले.

"येगळ्या कपाची सवय हाये मले, म्हणून नको." पाल्याची काडी तिनं बाजूला टाकली. "येस्टीच्या इष्टांडावरच्या हाटेलात आमचा कप भाईर खुंटीले राहे. आपुनच घ्याचा, आपुनच धुवाचा, आपुनच टांगाचा. माह्या बापानं तेच्यात चहा पेला, माह्या मालकानं पेला. आता आपल्या देवळात बी तेच?"

"अहो आजी, ते तसं नाही! हे सगळ्यांनाच वेगळं आहे. पाळकांनासुद्धा."

"मंग?" ती म्हणाली. "साऱ्याईले येगळं म्हंजे कोणी कोणाचं उष्टं खात नाई. गावात बी कोणी कोणाचं खात नाई. मंग गावात अन् आपल्यात फरक काय राह्यला?"

मी म्हटलं, आता जुनं काही राहिलेलं नाही, आता सगळे एकच आहेत, पेला असो नसो. ती हसली. तिला पुढचे दोनच दात होते. "येक हायेत? तुमच्या वस्तीतली पोरगी आमच्यात देल्ली का कोणी आजपावतर? सांग." मी पाल्याची एक काडी उचलून खुडायला लागले. "महिन्यातून येकडाव तेवढा पेला फिरते," ती म्हणाली, "बाकी सारं तिथंच हाये जिथं व्हतं." मग आवाज खाली आणून तिनं तिच्या आईची गोष्ट सांगितली. आई पहिल्यांदा चर्चमध्ये बसली तेव्हा सारजाआजी तिच्या मांडीजवळ होती. आईनं घोट घेतला आणि पेला हातात धरून तशीच बसली, पुढे द्यायची छाती होईना, कारण शेजारी वरच्या वस्तीतली गंगूबाई होती. गंगूबाईनं स्वतःच तिच्या हातातून पेला घेतला आणि प्यायली. "माय घरी येऊन रडली. त्या दिवशी जेवलीच नाई. म्हणे, पोट भरलं." सारजाआजीनं माझ्याकडे पाहिलं. "ते गंगूबाई म्हंजे तुह्या बाबाची आजी. तुले माईत हाये का?"

मला माहीत नव्हतं. आमच्या घरात ही गोष्ट मंडळीची म्हणून सांगत, आमची म्हणून नाही. त्या क्षणी मी उठून घरी जावं आणि बाबांना सांगावं की हे थांबवा, एवढी अक्कल मला असायला हवी होती. पण मी अख्ख्या मंडळीला पटवून आले होते, ग्लास आले होते, आणि दाऊदभाऊचा खोकला खराच होता. मी आणखी थोडा वेळ तिच्याशी वाद घातला. शेवटी ती म्हणाली, "तुमी सारे प्या ग्लासानं. मी मना नाई करत. मले पेल्यातून द्या म्हंजे झालं."

वाटेत मला एक युक्ती सुचली. त्या युक्तीचा आजही मला इतका संताप येतो की लिहिताना हात थांबतो. मी घरी येऊन बाबांना म्हटलं, "सगळ्यांना ग्लास द्या, आणि सारजाआजीला तिचा पेला द्या. जुनाच, पितळेचा. तिचंही मन राहील." बाबांचा चेहरा उजळला. कोणालाच दुखवायचं नव्हतं ना त्यांना! याकोबकाकाही हो म्हणाले. आईनं पेला चिंचेनं घासून लख्ख केला. आम्ही चौघं शहाणी माणसं, दोन तर शिकलेली, एक धर्मशास्त्र आणि एक आरोग्यशास्त्र, आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही की आम्ही त्या म्हातारीला नेमकं काय देतो आहोत.

रविवार आला. सतरंज्या भरल्या, तरुण पोरं परत आली, सुना छान नटून आल्या. याकोबकाका ताट घेऊन रांगेतून फिरले, प्रत्येकानं एकेक ग्लास उचलला. मला फार अभिमान वाटत होता. मग बाबा पेला घेऊन खाली उतरले आणि त्यांनी तो सारजाआजीच्या हातात दिला. तिनं दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि एक घोट प्यायली. सवयीनं ती शेजारी वळली. शेजारी मार्थाकाकू होती, तिच्या हातात ग्लास. काकूनं ग्लास दाखवला आणि ओशाळवाणं हसली. मग पलीकडच्या सुनेकडे तिनं पेला धरला. सुनेनं हात पदरात घेतले. चर्चमध्ये काही आवाज नव्हता, गिरणीसुद्धा बंद होती. मग ती पूर्ण मागे वळली. मागे मी होते.

"घे," ती म्हणाली.

मी घेतला नाही. माझ्या हातात ग्लास होता हे खरं, पण तो खाली ठेवता आला असता. सगळी मंडळी माझ्याकडे पाहत होती. मी प्यायले असते तर महिनाभर घरोघर सांगितलेलं सगळं खोटं ठरलं असतं, तरुण पोरं पुन्हा उठून गेली असती, बाबांची फजिती झाली असती. हे सगळं मी तेव्हा विचार करून ठरवलं असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी भ्याले, आणि मानेनं नाही म्हटलं. गंगूबाईच्या पणतीनं मानेनं नाही म्हटलं.

सारजाआजी उठली. गुडघ्यांवर हात देत, पेला सांभाळत ती मधली वाट ओलांडून पुरुषांच्या बाजूला गेली. अशी कोणी बाई कधी गेली नव्हती. ती थेट शेवटी दाऊदभाऊसमोर जाऊन उभी राहिली आणि पेला पुढे केला. दाऊदभाऊनं हात जोडले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "नको आजी," तो म्हणाला, "माह्यापासून तुमाले व्हईन. एस्तूबाईनं सांगतलं." ती तिथे किती वेळ उभी होती मला सांगता येणार नाही. मग तशीच चालत पुढे गेली आणि बाबांच्या समोरच्या मेजावर तिनं पेला ठेवला. अर्ध्याहून जास्त भरलेला होता. "पाळकसाहेब, हे उरलं," ती म्हणाली, आणि आपल्या जागेवर येऊन बसली. बाबांनी शेवटची प्रार्थना म्हटली; त्यातला एकही शब्द कोणाला नीट ऐकू आला नसेल. घरी आल्यावर आई चुलीपाशी बसून रडली. मी तिला म्हटलं, "आता काय करणार होतो आपण?" आणि ताट वाढून न घेताच झोपून गेले.

सुट्टी संपली, मी दवाखान्यात परत गेले. दुसऱ्या वर्षी माझी पाळी टीबीच्या वॉर्डात लागली. आमच्या शिकवणाऱ्या सिस्टर कडक होत्या, पण प्रश्न विचारलेला त्यांना आवडे. मी मोठ्या तयारीनं विचारलं, की रुग्णाची ताटं-वाट्या, पेले वेगळे ठेवताना काय काळजी घ्यायची. त्या म्हणाल्या, "भांड्यांचं काय घेऊन बसलीस? हा रोग भांड्यानं नाही पसरत. खोकल्यातून हवेत जातो, बंद खोलीत श्वासातून जातो. खिडक्या उघड आधी." बाकीच्या मुली वहीत लिहून घेत होत्या. मी पेन धरून बसले. आमच्या चर्चच्या खिडक्या मला आठवल्या. गिरणीचा आवाज येतो म्हणून आम्ही त्या कायम बंद ठेवायचो. त्या रविवारी आम्ही पेला बदलला आणि दाऊदभाऊच्या खोकल्यासह दोन तास खिडक्या लावून बसलो होतो.

मला वाटलं, चला, बरं झालं. चूक माझी होती तर ती दुरुस्तही मलाच करता येईल. नाताळच्या सुट्टीची मी दिवस मोजून वाट पाहिली. घरी पोचल्या पोचल्या बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तूच सांग मंडळीला. तुझं ऐकतील." रविवारी उपासनेनंतर मी सगळ्यांसमोर उभी राहिले. मी म्हटलं, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. मला नीट माहीत नव्हतं. पेल्यानं हा रोग होत नाही, खिडक्या उघड्या ठेवा, आणि आपण पहिल्यासारखा एकच पेला फिरवू या. त्या दिवशी तो पेला सारजाआजीच्या हातात तसाच राहिला याला मी जबाबदार आहे, मला क्षमा करा.

सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. कोणी रागावलं नाही. याकोबकाका उठले आणि खिडकीचं एक दार उघडून परत येऊन बसले. म्हणाले, "बरं झालं सांगतलं, पोरी. खिडक्या उघडत जाऊ. पन ग्लास राहू दे आता. पडले सारे अंगवळणी." मार्थाकाकू म्हणाली, "धुवाले बी सोपे पडतेत." कोणीतरी मागून म्हणालं, "अन् दिसाले बी चांगलं दिसते." मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी सतरंजीकडे पाहिलं. मी पुन्हा सुरुवात केली, आपल्या आजोबा-पणजोबांनी, वगैरे. याच तोंडानं मी घरोघर जाऊन लोकांना पटवलं होतं, तेव्हा एकेका वाक्यासरशी माना हलत होत्या. आता तेच लोक सहानुभूतीनं हसत होते, अगदी पोराला शाळेत कविता आठवेनाशी झाल्यावर हसतात तसे. शेवटी मी दाऊदभाऊकडे वळले. तो गोळ्यांनी बरा झाला होता, अंगावर मांस आलं होतं. मला खात्री होती, तो तरी म्हणेल. तो उभा राहिला, टोपीशी चाळा करत म्हणाला, "बाई, राहू द्या. ग्लास हाये तं कोणी माह्याकडं पाहात नाई. पेला असला का सारे पाहातेत, हा काठाले कुठून प्यायला, कोणाच्या मांगून प्यायला. मले असंच बरं वाटते."

सारजाआजी आपल्या जागेवर बसून सगळं ऐकत होती. माणसं गेल्यावर ती झाडू घेऊन आली. मी तिच्या हातातून झाडू घेतला, तिनं घेऊ दिला. मी म्हटलं, "आजी, हे माझ्यामुळं झालं."

"तुह्यामुळं कायले?" ती म्हणाली. "तुह्यात येवढी ताकद व्हती का? आता बी तूच बोलली ना? ऐकलं का कोणी?"

"मग?"

"ते वाटच पाहून राह्यले व्हते, पोरी. लय सालापासून. कोणाच्या तोंडून निंघत नोयतं. तू त्याईले बहाणा देल्ला." ती भिंतीला टेकून खाली बसली. "तुह्या घरचे बी त्याच्यात आले."

मी रडायला लागले. इतका राग आला मला, तिचा, बाबांचा, ग्लासांचा, स्वतःचा. मी म्हटलं, "आपण दोघी पिऊ, आजी. आताच्या आता. मी पेला आणते घरातून, आई रस देईल. मी तुमच्या मागून पिते, काठ न पुसता." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात खरखरीत होता, त्याला राखेचा वास होता.

"दोघीची मंडळी नाई व्हत, बाई," ती म्हणाली. "झाडून घे तेवढं, कोपऱ्यात राह्यलं."

मी ते कोपऱ्यातलं झाडलं. आज माझं वय तेव्हाच्या तिच्या आसपास आलं आहे. मुलाच्या शहरातल्या चर्चमध्ये बाके आहेत, पंखे आहेत, वर झाकण चिकटवलेले प्लॅस्टिकचे इवले कप येतात, प्यायचं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकायचं. कोरोनाच्या काळात तर आपापल्या घरी, फोनसमोर, आपापला कप. मंडळीनं बदल स्वीकारावा म्हणून काय करावं, यावर मधे एका तरुण पाळकानं माझा सल्ला विचारला. मी त्याला म्हटलं, लोक लगेच हो म्हणाले तर घाबर. तो हसला, त्याला वाटलं, म्हातारीनं विनोद केला.

सारजाआजी त्यानंतर चार वर्षं जगली. चर्चला यायचं तिनं एकदाही चुकवलं नाही, प्रभुभोजनाची भाकरीही शेवटपर्यंत तीच भाजायची. पहिल्या रविवारी ताट रांगेतून यायचं. ती ते दोन्ही हातांनी धरायची, त्यातलं काही उचलायची नाही, आणि शेजारच्या बाईपुढे नीट धरून तिनं ग्लास उचलेपर्यंत थांबायची. सुट्टीत मी घरी असले की मुद्दाम तिच्या शेजारी बसायचे. तिनं ताट माझ्यासमोर धरलं की मी तिच्याकडे पाहायचे. ती माझ्याकडे पाहायची नाही, ताटाकडे पाहायची, आणि ताटातले ग्लास एकमेकांवर किणकिणायचे. दर वेळी मी मनाशी ठरवून यायचे, की आज मीही घेणार नाही. आणि दर वेळी मी एक ग्लास उचलायचे.